आवाज कसा पाहिजे?

वडिलांची 1989ची बुलेट इंजिनकामाला टाकली, तेव्हा मिस्त्री म्हणाला, "आता उघडलीच आहे, तर साडेतीनशेची पाचशे करून टाकू." अपेंडिक्सला भूल दिलीच आहे तर गुडघाही उरकून घ्या, त्यातलाच प्रकार. ब्लॉक, पिस्टन, हेड बदललं. 70 मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 84 झाला, 90चा स्ट्रोक (पिस्टनची धाव) तोच राहिला आणि 346 सीसीचे 499 झाले. (आरसी बुकातल्या सीसीच्या रकान्याबद्दल इथे कुणी विचारू नये.) बिल बघून मी खाली टेकलो, तोच मिस्त्री म्हणाला, "सायलेन्सर बदलायला लागंल. पोट वाढलं आणि नाक तेवढंच, तर श्वास कुठनं सोडणार?"

नाना पेठेत गेलो. दुकानदाराचा पहिलाच प्रश्न, "आवाज कसा पाहिजे?"

"कमी," मी म्हटलं.

मेडिकलमध्ये कांदे मागणाऱ्याकडे बघावं तसं त्यानं माझ्याकडे बघितलं. सायलेन्सर या शब्दाचा अर्थ मी शाळेपासून चुकीचा धरून चाललो होतो. भिंतीवर शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, गोल्डस्टार, मेगाफोन, पंजाबी, इंदुरी अशी रांग टांगलेली. गाडीला लावून ऐकवायची सोय नव्हती, म्हणून मालक तोंडानं वाजवून दाखवत होता. "शॉर्ट बॉटल म्हणजे, ढबढबढबढब. आणि इंदुरी..." त्यानं छातीवर हात ठेवला, हनुवटी आत घेतली, गाल फुगवले. "ढुग्ग... ढुग्ग... ढुग्ग." काउंटरवरचा चहा हिंदकळला. शेजारच्या दुकानातला पोरगा डोकावून म्हणाला, "शेठ, इंदुरी अजून बसका असतो," आणि त्यानं आपला इंदुरी लावला. दोघांची अर्धा तास जुगलबंदी झाली. घरी जेवताना मी सगळे प्रकार बायकोला वाजवून दाखवले. तिसऱ्याला ती म्हणाली, "अहो, पोटात गुबारा धरलाय का? ओवा देऊ?"

शेवटी शॉर्ट बॉटल आणला. मागून डोळा लावला तर आरपार उजेड! मध्ये भोकाभोकांची नळी, भोवती ग्लासवूल, बास. पार्किंगमध्ये किक मारली आणि तीन कारचे अलार्म बोंबलायला लागले. तेही सोसलं असतं, पण ज्या ताकदीसाठी एवढा खर्च केला तीच गायब. कात्रजच्या चढाला बायको मागे असताना गाडी सेकंडलाही ओढेना, आणि उताराला ॲक्सिलरेटर सोडला की मागे फटाके.

मिस्त्रीनं स्पार्क प्लग काढून उन्हात धरला. टोक खडूसारखं पांढरंफटक. "रंग बिस्किटी पाहिजे. धूर मोकळा सुटतोय, हवा जास्त ओढतीय, पेट्रोल पुरंना." कार्बोरेटरला मोठा मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं मोठं भोक, घातला. प्लग बिस्किटी झाला, फटाके थांबले, खालचा पिकअप मात्र आला नाही. मग त्यानं मला उसाच्या रसाची नळी दिली. "फुंका." फुंकलं. मग पेपरची सुरळी दिली. "आता फुंका. कुठनं वारं जोरात आलं?" नळी गरजेपेक्षा रुंद असली की हळू चालवताना धुराचा वेगच पडतो, वेगात निघाला तर तो मागच्यालाही ओढून नेतो.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही गेला होता आवाज ऐकायला."

त्याच सुरळीत बातमी होती: पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडले. कायद्यात दंड 10,000 रुपयांपर्यंत. मी निमूटपणे जुन्या बाजारातून पाचशेच्या बुलेटचा कंपनीचा सायलेन्सर शोधून आणला. पोचे तीन, पण आतल्या जाळ्या शाबूत. आता चढाला गाडी थर्डला जाते आणि अलार्म झोपलेले असतात.

परवा चौकात बुलेट दिसताच हवालदारानं लांबूनच शिट्टी मारली. कागद घेतले. "रेस द्या." दिली. तो वाकला, सायलेन्सरपाशी कान नेला. "अजून द्या." दिली. कंबर धरत उठला, जरा हिरमुसलाच.

"काका, बुलेटच आहे ना ही?"

पाचशे आहे पाचशे, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण आरसी बुक त्याच्या हातात होतं.