छातीत दुखत असल्यास माझ्या दवाखान्यात येऊ नका

दक्षिण नागपुरात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करताना एक गोष्ट मला वर्षानुवर्षे अस्वस्थ करत आली आहे. ज्या रुग्णाने थेट मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, जायला हवे, तो संध्याकाळी माझा दवाखाना उघडण्याची वाट पाहत घरी बसतो. आणि ज्याचे काम माझ्याकडे थोडक्यात झाले असते, तो रात्री मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत बाकावर ताटकळतो. यांतील पहिल्याचे नुकसान भरून येणारे नसते, म्हणून ही पोस्ट मुख्यतः त्याच्या घरच्यांसाठी आहे.

अमेरिकेत या दोन टोकांच्या मध्ये ‘अर्जंट केअर’ नावाची वेगळी केंद्रे असतात. उपचार आजच हवेत, पण जिवाला धोका नाही, अशा तक्रारी तिथे पाहिल्या जातात. आपल्याकडे ती जागा फॅमिली डॉक्टर, महापालिकेचे आरोग्य केंद्र, ‘आपला दवाखाना’ आणि वस्तीतले छोटे नर्सिंग होम यांनी मिळून भरून काढलेली आहे. कोणत्या दारावर काय मिळते हे कुठेच लिहिलेले नसल्यामुळे, कुठे जायचे हा निर्णय घाबरलेल्या घरच्यांनाच घ्यावा लागतो.

हा निर्णय दुखण्याच्या तीव्रतेवरून घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. मूतखड्याची कळ माणसाला गडाबडा लोळायला लावते, पण सोबत ताप नसेल आणि लघवी होत असेल, तर बहुतेक वेळा इंजेक्शनने आराम पडून पुढच्या तपासण्या सावकाश करता येतात. उलट पक्षाघाताचा झटका अनेकदा काहीच दुखू न देता येतो. विचारायचे ते एवढेच, की दोन तास गेले तर या माणसाचे परत न मिळणारे असे काही जाईल का, आणि आपण जिथे निघालो आहोत तिथे त्यावरचा उपचार आहे का.

छातीच्या मधोमध दडपण येणे, आवळल्यासारखे किंवा जळजळल्यासारखे वाटणे, ते हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, सोबत दरदरून घाम, दम किंवा मळमळ असणे, ही लक्षणे गॅसची आहेत असे घरी बसून कोणालाही ठरवता येत नाही, आणि फोनवर ऐकून मलाही नाही. मधुमेही, वयस्कर माणसे आणि स्त्रिया यांच्यात तर छातीत न दुखता नुसताच दम लागणे किंवा अकारण गळून जाणे एवढेच लक्षण असू शकते. माझ्याकडे ईसीजीचे यंत्र आहे, म्हणून लोक विश्वासाने येतात. पण पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी हृदयविकाराचा झटका चालू असू शकतो, आणि ते ओळखण्यासाठी रक्तातील ट्रोपोनिनची तपासणी व पुन्हा पुन्हा काढलेला ईसीजी लागतो. कॅज्युअल्टीत पोहोचल्यावर १० मिनिटांच्या आत ईसीजी व्हावा आणि हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद असल्यास ९० मिनिटांच्या आत ती अँजिओप्लास्टीने उघडावी, हे वैद्यकशास्त्राने ठरवलेले उद्दिष्ट आहे. ते शक्य नसेल तिथे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देतात. हा सगळा हिशेब मिनिटांचा असताना माझ्या दवाखान्यातला थांबा केवळ वेळ खातो. अशा रुग्णाला जिने उतरवून दुचाकीवर मागे बसवून आणणे तर मला अतिशय धोक्याचे वाटते.

लकव्याचेही तसेच. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एका हातातली शक्ती जाणे, बोलणे अडखळणे, यांपैकी एक जरी अचानक झाले तरी सीटी स्कॅन असलेले रुग्णालय गाठावे, कारण मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही. गुठळीवरचे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि ती वेळ रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. बीपी वाढले असेल म्हणून घरातली गोळी देऊ नये; गिळता न आल्यास ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

आपल्या शहरासाठी उन्हाचे वेगळे सांगायलाच हवे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा ऊन लागलेला प्रत्येक माणूस कॅज्युअल्टीचा नसतो. घाम येत असेल, चक्कर किंवा पायात गोळे येत असतील, पण माणूस नीट उत्तरे देत असेल, तर सावली, पाणी आणि ओआरएसने बहुधा भागते. तोच माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याला झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा आणि कपडे सैल करून, अंगावर पाणी टाकत, वारा घालत त्याला ताबडतोब न्यावे. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये, सलाईन लावायला माझ्याकडे तर मुळीच आणू नये.

पावसाळ्यात आजूबाजूच्या गावांतून येणाऱ्यांसाठी एक सूचना. मण्यार चावल्याची खूण किंवा वेदना अनेकदा जाणवतही नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो आणि मग पापण्या जड होऊ लागतात. त्याला पोटदुखीची गोळी देऊन झोपवणे जिवावर बेतू शकते.

आता माझ्याकडे यावे असे काय? खेळता-खाता मुलाचा ताप, सर्दी-खोकला, कानदुखी, साधे जुलाब, लघवीची जळजळ, मुरगळलेला पाय, टाके घालण्याजोगी छोटी जखम. मात्र तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, मूल सुस्त पडले किंवा श्वास घेताना बरगड्या आत जाऊ लागल्या, तर तेही कॅज्युअल्टीचेच काम आहे. तिथे नंबर येण्याच्या क्रमाने लागत नाही, आजाराच्या गांभीर्याने लागतो, आणि ते योग्यच आहे. साध्या तापाला त्यामुळेच थांबावे लागते.

खर्चाच्या भीतीने उशीर होतो, हे मी जवळून पाहतो आणि त्याचे मला फार वाईट वाटते. तातडीच्या रुग्णाचा जीव वाचवण्यासाठी लागणारी मदत देणे हे सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा यांच्या प्रकरणात दिलेला आहे. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून विनामूल्य आहे. धंतोली-रामदासपेठेतील खासगी रुग्णालये परवडत नसतील तर मेडिकल, मेयो आणि मिहानचे एम्स आहेत. आपल्या घरापासून चोवीस तास सीटी स्कॅन आणि अँजिओप्लास्टीची सोय असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, याची चौकशी याच आठवड्यात, घरात सगळे ठणठणीत असताना करून ठेवावी.

आणि मला फोन अवश्य करा, पण निघाल्यानंतर, वाटेत असताना. रुग्णाला कोणत्या गोळ्या सुरू आहेत, कशाची अॅलर्जी आहे, रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का, हे मी कॅज्युअल्टीतील डॉक्टरांना थेट सांगेन. रोजच्या गोळ्यांची पिशवी आणि जुनी फाइल दाराजवळ तयार असेल तर सोबत घ्या. ती शोधण्यासाठी थांबू नका.