तीस की साठ?

परवा एका प्रोग्रामसाठी पॅच, म्हणजे दुरुस्तीचा प्रस्ताव, पाठवला. एका अंकाचा. मॅन पेजवर, म्हणजे त्याच्या माहितीपानावर, डिफॉल्ट टाइमआउट (किती वेळ वाट पाहून नाद सोडायचा तो) ३० सेकंद छापलेला, कोडमध्ये ६०. या फरकापायी माझी अख्खी रात्र गेली होती. म्हटलं, मागून येणाऱ्याची तरी वाचावी. तिनाचा सहा केला.

आधी किरकोळ सोपस्कार. मेल साध्या मजकुरात हवा, ओळीअखेरची मोकळी जागा काढा, विषय आज्ञार्थी हवा. 'दुरुस्त केलं' नव्हे, 'दुरुस्त कर'. लिनक्स कर्नलमध्येही हीच रीत आहे, कोडला हुकूम सोडल्यासारखं लिहायचं. सोडला हुकूम. घरात कुणी ऐकत नाही, इथे तरी.

मग त्या पानाचे मेंटेनर, म्हणजे राखणदार, अवतरले.

"६० कशावरून?"

"कोडवरून."

"कोडच चुकला नसेल कशावरून?"

प्रश्न रास्त होता, म्हणून जास्तच झोंबला. जुने कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी, उपसले. सहा वर्षांपूर्वी कुणीतरी मुद्दाम ३० चे ६० केले होते आणि खाली लिहिलं होतं, 'डॉक्युमेंटेशन नंतर'. पुरावा धाडला.

"मान्य. पण या पानाची अकरा भाषांतरं आहेत. इथे आकडा बदलला तर ती सगळी चुकीची ठरतील."

"ती आजही चुकीचीच आहेत."

"हो, पण एकसारखी चुकीची आहेत. तुम्ही सुसंगती बिघडवताय."

मी उठून पाणी प्यायलो. ओपनबीएसडी नावाची ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारे मॅन पेजमधली चूक ही बगच मानतात, हे त्यांना कळवावंसं वाटलं. पण दुसऱ्याच्या घरी जाऊन शेजारणीच्या आमटीचं कौतुक करू नये. आणि राग खरा त्या 'नंतर'वाल्यावर होता. त्याचा चारशे ओळींचा कोड दोन दिवसांत आत गेला होता, 'छान काम' अशा शेऱ्यासकट. माझ्या एका अंकाची ही सातवी फेरी. कोड लिहितो तो कलाकार, पान दुरुस्त करतो तो कारकून!

शेवटी मेंटेनरांनीच तोड काढली. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचं पहिलं मॅन्युअल १९७१ चं. तेव्हापासून पानाच्या तळाशी 'बग्ज' असा मथळा असतो, आपल्या चुका आपणच कबूल करायला. "तिथे एक ओळ घाला," ते म्हणाले. "'वर दिलेला आकडा चुकीचा आहे.' म्हणजे वरचं काही हलणार नाही."

मी थट्टा समजून तसा पॅच पाठवला. दहा मिनिटांत मंजूर. खाली माझ्या नावाची सही.

आज सकाळी एका अनोळखी माणसाचा मेल आला. 'ही ओळ आपण लिहिलीत ना? आकडा चुकीचा आहे हे ठाऊक होतं, तर दुरुस्त का नाही केलात?'