एका चापटीत आयुष्यभराची शिस्त? काहीही!

‘मूल पाच वर्षांचं होण्याआधी हे पाच नियम लावा, जन्मभर ऐकेल’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. वेळेवर एक चापट द्या. तोंडावर कौतुक करू नका, मूल शेफारतं. हट्ट केला तर अंधाऱ्या खोलीत कोंडा. चांगलं वागलं की दर वेळी बक्षीस द्या. चुकलं तर चारचौघांत सॉरी म्हणायला लावा. खाली ‘मानसशास्त्रानं सिद्ध झालेलं’ असा शिक्का. कुणी सिद्ध केलं, कधी, याचा पत्ता नाही. एरवी असलं काही मी न वाचताच पुढे सरकते. पण हा माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोचला आणि तीन वर्षांच्या लेकीची ती आई मला विचारायला लागली, ‘ताई, मी फार लाडावून ठेवतेय का गं तिला?’ मग वाचणं आलंच.

चापटीचं आधी, कारण लोकांना तोच नियम सगळ्यात जास्त पटलेला दिसतो. ‘आम्हीही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?’ हे उत्तर तर तयारच असतं. एकेकाच्या आठवणींवरून असलं काही ठरत नाही, म्हणून तर अभ्यास करावे लागतात. २०१६ मध्ये एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या अमेरिकी संशोधकांनी पन्नास वर्षांतले ७५ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत मिळून सुमारे १ लाख ६० हजार मुलं होती. गंभीर मारहाण त्यांनी मुद्दाम बाजूला ठेवली. पाहिली ती फक्त उघड्या हातानं ढुंगणावर किंवा हातापायांवर दिलेली चापट, म्हणजे मेसेजवाल्यांची लाडकी ‘हलकीशी’च. १७ बाबी तपासल्या, त्यांतल्या १३ बाबतींत ठळक संबंध दिसला आणि तेराही ठिकाणी तो वाईटाशीच होता. वाढलेला आक्रमकपणा, मानसिक त्रास, आईवडिलांशी बिघडलेलं नातं. बरं, ज्या ऐकण्यासाठी हा सगळा खटाटोप, ते ऐकणंही वाढलेलं आढळलं नाही.

मुळात दांडगी मुलंच जास्त मार खात असतील, असं कुणी म्हणेल. शंका रास्त आहे. म्हणून २०१० च्या एका अमेरिकी अभ्यासात तिसऱ्या वर्षी मूल किती आक्रमक होतं हे आधीच हिशेबात धरलं होतं. तरीही महिन्यात दोनपेक्षा जास्त वेळा मार खाणारी मुलं पाचव्या वर्षी अधिक आक्रमक असण्याची शक्यता वाढलेलीच निघाली.

एवढं मान्य करते की चापट बसली की मूल त्या क्षणी दचकून थांबतं, आणि दमलेल्या आईबापांना तेवढंच दिसतं. पण ‘भावाला मारू नकोस’ हे मारूनच सांगितलं तर त्यानं त्यातून घ्यायचं काय? राग आल्यावर मारायचं नाही तर मग काय करायचं, हे कुठल्याच चापटीत सांगितलेलं नसतं.

अंधाऱ्या खोलीचा नियम वाचून तर डोकंच फिरलं. तीन-चार वर्षांच्या मुलाला अंधाराची भीती वाटतेच, ते वयच तसं. तीच भीती त्याच्यावर उगारायची? हे बहुधा टाइम-आउटचं कुणीतरी केलेलं वाटोळं असावं. टाइम-आउट म्हणजे मुलाला उजेडात, आपल्या नजरेसमोर, जरा कंटाळवाण्या जागी थोडा वेळ बसवणं. वयाच्या दर वर्षाला एक मिनिट, असा ढोबळ हिशेब सांगतात. वेळ संपली की विषयही संपला, नंतर टोमणे नाहीत. आणि एरवी त्याच्याकडे मायेनं लक्ष दिलं जात असेल तरच त्या चार मिनिटांना काही अर्थ. हट्टापुढे दर वेळी नमू नका, एवढंच म्हणायचं असेल तर बरोबर आहे. रडलं की मिळतं हे कळल्यावर मूल रडूनच मागणार.

कौतुक नको, पण बक्षीस मात्र दर वेळी! लिहिणाऱ्यानं स्वतःचा मेसेज तरी पूर्ण वाचला होता का? बालवाडीतल्या मुलांवरचा १९७३ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना आधी कबूल करून प्रशस्तिपत्र दिलं, तर पुढे मोकळ्या वेळात ती बाकीच्यांपेक्षा कमी चित्रं काढायला लागली. ज्यांना ते अचानक मिळालं, त्यांचं तसं झालं नाही. तेव्हा आवडीच्या कामाला आमिष लावू नये. दात घासायची टाळाटाळ मोडायला थोडे दिवस स्टिकर दिले तर काही बिघडत नाही. कौतुकानं शेफारण्याची भीतीही अर्धवटच खरी आहे. उठसूट ‘किती हुशार!’ म्हणण्यात राम नाही. ‘खेळणी स्वतःहून डब्यात भरलीस’ असं नेमकं म्हटलं, तर पुन्हा काय करायचं ते मुलाला समजतं.

सॉरीचं थोडक्यात. तीन वर्षांचं मूल दरडावल्यावर सॉरी म्हणतं आणि पुढच्याच मिनिटाला पुन्हा ढकलतं, कारण तो शब्द म्हणजे सुटका एवढंच त्याला कळलेलं असतं. वर चारचौघांत लाज काढलेली. त्यानं दुसऱ्याचा ठोकळ्यांचा मनोरा पाडला असेल तर शेजारी बसून तो दोघांकडून पुन्हा रचून घ्या.