पास सापडला नाही, तरी दावा बुडत नाही

लोकलमधून पडून घरचा माणूस गेला की कुणीतरी हा संदेश पुढे पाठवतो: ‘रेल्वे दावे न्यायाधिकरणात हेलपाटे घालू नका. पास सापडला नाही तर भरपाईचे पैसे मिळत नाहीत, दारात उभा होता म्हणजे चूक त्याचीच, आणि तिथे रेल्वेचीच माणसे बसतात, त्यांचा निकाल शेवटचा.’ यातले एकही विधान जसेच्या तसे खरे नाही, आणि त्यावर विसंबून कुटुंबे मुदत घालवून बसतात, याची मला फार खंत वाटते.

सर्वाधिक लोक पासावरच माघार घेतात. गर्दीत पाकीट गहाळ होते, मोबाईलचा चुरा होतो आणि पास त्याच मोबाईलमध्ये असतो. २०१८ मध्ये रीना देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अंगावर तिकीट न सापडणे एवढ्यावरून तो अधिकृत प्रवासी नव्हता असे ठरत नाही; वारसांनी वस्तुस्थिती प्रतिज्ञापत्रावर मांडली, की ती खोडून काढण्याचा भार रेल्वेवर जातो. माझ्या परिचयाच्या एका बाईंच्या हाती आलेल्या पंचनाम्यात ‘तिकीट मिळून आले नाही’ एवढीच ओळ होती; त्यांनी बिस्किटांच्या डब्यात नवऱ्याने जपलेले आधीच्या महिन्यांचे पास आणि कामावरची हजेरी प्रतिज्ञापत्राला जोडली.

दारात उभे राहणे हा निष्काळजीपणा असेल. पण रेल्वे अधिनियमाच्या कलम १२४-अ नुसार गाडीतून अपघाताने पडल्यास रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही, आणि २०१० च्या जमीला प्रकरणात दारातून पडलेल्याच्या वारसांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. आत्महत्या, नशा किंवा स्वतःचा गुन्हा असेल तर मात्र भरपाई नाही. रूळ ओलांडताना झालेला मृत्यूही यात बसत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

भरपाईचे दावे ऐकणाऱ्या या न्यायाधिकरणाच्या पीठावर एक न्यायिक आणि एक तांत्रिक सदस्य असतो. तांत्रिक सदस्य रेल्वेच्या कामातला जाणकार असतो, एवढा भाग खरा. निकाल मात्र शेवटचा नाही: नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते.

मृत्यूसाठी भरपाईची रक्कम १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख रुपये आहे, अर्जाला शुल्क नाही, आणि मुदत अपघातापासून एक वर्षाची आहे; ती उलटली असली, तरी विलंबाचे सबळ कारण पटल्यास न्यायाधिकरण अर्ज दाखल करून घेऊ शकते.