पटावरचं नाव

दिवाळीत आमच्या घरच्या ग्रुपवर पेटलेला वाद जानेवारी उजाडला तरी धुमसतोच आहे. पुण्यातल्या माझ्या कॉलेजनं या वर्षीपासून बोट लावून हजेरी घ्यायला सुरुवात केली. तासाला नसलात की संध्याकाळी पालकांच्या मोबाईलवर मेसेज. ७५ टक्के भरले नाहीत तर डिफॉल्टर लिस्ट, आणि टर्म ग्रँट होण्याची बोंब. माझा चुलतभाऊ त्याच कॉलेजात आहे, त्याचं नाव पहिल्याच लिस्टमध्ये झळकलं. काकांनी साताऱ्याहून लिहिलं, "उत्तम झालं. शिस्त लागेल. जर्मनी उगाच पुढे गेली का? ताईला विचारा, तिकडे कसं असतं ते."

ताई म्हणजे मी. ऑक्टोबरपासून एका सेमिस्टरसाठी बर्लिनच्या फ्राय विद्यापीठात आहे. विचारलंच आहे तर सांगते, काका.

माझं सोमवारचं लेक्चर दहाला असतं. दहाला म्हणजे सव्वादहाला. वेळापत्रकातच तसं धरलेलं असतं आणि पहिल्या दिवशी पावणेदहाला जाऊन बसलेली मी एकटीच होते. हॉलमध्ये दोनशेच्या वर मुलं येतात, नोव्हेंबर संपेपर्यंत त्यांची निम्मी उरली. कुणी विचारलं नाही. प्राध्यापकबाईंना माझं नाव माहीत नाही आणि त्याचं त्यांना किंवा मला काही वाटतही नाही. लेक्चर संपलं की सगळे बाकांवर मुठीनं ठकठक करतात. ती दाद असते. आपल्याकडे बाक वाजवलं की वर्गाबाहेर. मी पहिल्यांदा वाजवलं तेव्हा हात आपोआप आखडला होता, अकरावीपासूनचे संस्कार.

तर ही तुमची जर्मन शिस्त. यायचं तर या, नाहीतर परीक्षेच्या दिवशी भेटा. (ते १.० म्हणजे सर्वांत चांगले मार्क हे बाबांना अजून पटलेलं नाही. मला १.७ मिळाले तेव्हा ते थोडा वेळ गप्पच होते.)

एक गोष्ट मात्र मी ग्रुपवर लिहिली नाही. गुरुवारच्या सेमिनारला सहीचा कागद फिरतो. वीसएक जण असतो, आणि फार दांड्या मारल्या तर तो कोर्स धरत नाहीत. म्हणजे हजेरी इथंही आहे. पण ते सांगितलं असतं तर काकांनी तेवढंच उचललं असतं, म्हणून मी फक्त सोमवारचं सांगितलं. वादात सगळेच असं करतात. त्यांनी आख्खी जर्मनी उचलली, मी एक कागद लपवला.

शिवाय कागदावरची सही आणि बोट यांत फरक आहे, असं माझं म्हणणं. सहीचा कागद फिरतो तेव्हा सेमिनारच्या मध्यावर असतो, कुणीतरी बोलत असतं, तुम्ही ऐकत ऐकत सही करता आणि पुढे देता. बोट लावायला आमच्याकडे जिन्यापर्यंत रांग लागते आणि तास सुरू होऊन दहा मिनिटं झालेली असतात. बोट लावून मागच्या दारानं कँटीनला जाणारे मला नावानिशी माहीत आहेत. त्यातल्या दोघींसाठी पूर्वी, मस्टर होतं तेव्हा, मी आवाज बदलून 'येस मॅम' केलेलं आहे. एकदा तर एकाच तासाला दोन आवाज काढले होते. आता हे लिहायला हरकत नाही, मॅम रिटायर झाल्या.

ज्या इमारतीत माझा गुरुवारचा सेमिनार असतो तिच्याबद्दल मात्र मी ग्रुपवर सविस्तर लिहिलं, आणि ते कुणी वाचलं नाही. क्रुमे लांकेहून यू-थ्री मेट्रोनं तिसरं स्टेशन, मग ईनेश्ट्रासेवर २२ नंबर. आज तिथं राज्यशास्त्र शिकवतात. १९२७ मध्ये तिथं कायझर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था उघडली, ओयगेन फिशर तिचे प्रमुख. त्यांच्या हाताखाली पीएचडी करायला आपल्या इरावतीबाई कर्वे आल्या होत्या. कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते, तर हा फरक वंशागणिक बदलतो का, हे त्यांना तपासायचं होतं. फिशरना उत्तर 'हो' हवं होतं. बाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा त्याच्याशी संबंध दिसत नाही असं लिहिलं. १९३० मध्ये पदवी घेऊन त्या पुण्याला परतल्या. पुढे याच संस्थेशी आउश्विट्झच्या नाझी छळछावणीत कैद्यांवर प्रयोग करणाऱ्या डॉक्टर मेंगेलेचे धागे जुळले. दारापाशी त्याची पाटी आहे. २०१४ मध्ये जवळच खोदकाम करताना माणसांची हाडं निघाली.

मी त्या पाटीखालून दर गुरुवारी जाते. पहिल्या गुरुवारी अंगावर काटा आला होता, आता बऱ्याचदा मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, काय असेल हा विचार असतो. पण इरावतीबाई दर वेळी आठवतात. सासरे धोंडो केशव कर्वे असूनही जर्मनीला जायला त्यांचा विरोध होता. कसलं व्हिडिओ कॉल नि कसलं काय. घरून पत्र यायला किती दिवस लागत असतील! त्या तासाला आल्या की नाही हे पुण्यात कुणाला कळणार होतं?

आणि हे विद्यापीठच मुळात पटावरून नाव कमी केल्यामुळे उभं राहिलं, हेही काकांना सांगायला हवं. युद्धानंतर बर्लिनचं जुनं विद्यापीठ सोव्हिएत भागात गेलं. १९४८ च्या एप्रिलमध्ये टीका करणाऱ्या तीन विद्यार्थ्यांना तिथून काढून टाकलं. उरलेल्यांनी आरडाओरडा केला, अमेरिकनांनी पाठबळ दिलं आणि डिसेंबरात पश्चिम भागात नवं विद्यापीठ निघालं. 'फ्राय' म्हणजे मुक्त, त्याचा अर्थ हा. आमच्या कॉलेजात नाव कमी केलं तर पालकांना घेऊन एचओडींच्या केबिनबाहेर बसतात.

हे सगळं मी तावातावानं टाईप केलं. काकांनी अंगठा दाखवला. भावानं हसणारा चेहरा टाकला. काकूंनी विचारलं, "जेवणाचं काय करतेस?"

आता जे ग्रुपवर लिहिणार नाही ते लिहिते.

नाताळच्या सुट्टीनंतर मी आजारी पडले. साधा ताप, पण आठ दिवस. श्लाख्टनझेच्या विद्यार्थी वसाहतीत माझी खोली तळमजल्यावर आहे, चार वाजता बाहेर अंधार होतो. मी खोलीत पडून होते, पहिल्या दिवशी मजा वाटली. कुणाला अर्ज नाही, मेडिकल सर्टिफिकेट नाही. आमच्या कोपऱ्यावरचे डॉक्टर ते सर्टिफिकेट चहाचा घोट घेता घेता लिहून द्यायचे. चौथ्या दिवशी मात्र लक्षात आलं की मी नाही हे कुणालाच ठाऊक नाही. सोमवारच्या हॉलला नाही, गुरुवारच्या कागदाला फक्त एक सही कमी. तीसएक हजार विद्यार्थी, त्यात एक इकडे की तिकडे.

सहाव्या दिवशी दार वाजलं. समोरच्या खोलीतली मुलगी होती. अगदी सभ्यपणे तिनं सांगितलं की या आठवड्यात स्वयंपाकघर साफ करायची पाळी माझी होती आणि फ्रिजवरच्या तक्त्यात माझ्या नावापुढे खूण नाही. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, आजारी आहेस का? संध्याकाळी सूप ठेवून गेली. फांडच्या, म्हणजे दुकानात परत दिल्या की पैसे मिळतात त्या, माझ्या रिकाम्या बाटल्याही तीच घेऊन गेली, पैसे परत आणून दिले, २५ सेंटचा हिशोबसुद्धा.

म्हणजे या अख्ख्या शहरात माझी गैरहजेरी लागली ती एका फ्रिजवर.

त्या रात्री बाबांना फोन केला. रडणार नव्हते, पण झालं. त्यांना काय बोलावं सुचेना, तेव्हा त्यांनी विषय बदलला. म्हणाले, अगं, तुला सांगायचं राहिलं, तुझ्या कॉलेजचा मेसेज मला रोज येतो. "आपली पाल्य आज सर्व तासांना अनुपस्थित होती." तू गेलीस तेव्हापासून. एक्स्चेंजचा कागद ऑफिसात कुठंतरी अडकला असणार. रविवार सोडून रोज, पावणेसहाला.

मी हसायला लागले. साताऱ्यात रोज पावणेसहाला कुणीतरी मशीन सांगत होतं की मी तिथं नाही.

बाबा म्हणाले, "सोमवारी फोन करून बंद करून घेऊ का?"

मी म्हटलं, "असू दे. फेब्रुवारीपर्यंतच तर आहे."