खुलासा: गुणगुण घालवायला अर्थिंगची पिन तोडू नका

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांच्या ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय, की मागे सारखं 'घूंऽऽ' येत असेल तर लॅपटॉपच्या चार्जरच्या नाहीतर ऑडिओ मिक्सरच्या (माईक जोडायच्या यंत्राच्या) प्लगची वरची जाडी पिन काढून टाका, आवाज गायब. आवाज कधीकधी जातो हे खरंय, पण प्लीज करू नका! ती अर्थिंगची पिन आहे, आत काही बिघडलं तर करंट तिच्यातून जातो आणि एमसीबी (आपोआप वीज तोडणारा स्विच) पडतो, ती नसली तर तेच २३० व्होल्ट मिक्सरच्या पत्र्यावर, हातातल्या माईकवर येऊ शकतात, आणि मुंबईच्या पावसाळ्यात आपल्या भिंतीसुद्धा ओल्या असतात.

घूं बऱ्याचदा ग्राउंड लूपमुळे येतं, म्हणजे लॅपटॉप एका सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्या, अर्थिंगला दोन रस्ते, मधे ५० हर्ट्झची गुणगुण. मी परळला घरी चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर रेकॉर्ड केलं, गुणगुण तिथल्या तिथे बंद. मग दोन्ही एकाच अर्थिंगवाल्या एक्स्टेंशन बोर्डवर घेतले, मधे ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (आवाज पुढे जातो, पण तारांचा थेट जोड तुटतो) टाकला, आता चार्जर लावूनही शांत. पंख्याची घरघर वेगळी, त्याला पंखाच बंद करावा लागतो.

तो मेसेज पुढे पाठवू नका, ज्यांना पाठवलात त्यांना हे कळवा, आणि पिन तोडली असेल तर ती केबल आजच बदला.