एका लग्नाला तीन राज्यं

खान्देशी माणसाच्या सोयरिकीला राज्याची हद्द कधी आडवी आली नाही. पोरगी रावेरची, पोरगा बऱ्हाणपूरचा. मावशी शहाद्याला, तिची लेक मध्य प्रदेशात सेंधव्याला. आणि सुरतेत उधना-लिंबायतकडे गेलं की अहिराणी ऐकून आपण धुळ्यातून निघालोच नाही असं वाटतं. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, पण लग्नपत्रिका त्याच पत्त्यांवर जात राहिल्या. अडचण कुणालाच नव्हती. ती मला सुरू झाली फोनमध्ये नेटशिवाय चालणारा नकाशा घेतल्यावर, कारण त्या ॲपात नकाशे राज्यवार मिळतात.

नेटशिवायचा नकाशा ही आमच्याकडे चैन नाही. सातपुड्यात शिरलात, धडगाव-मोलगीकडे वळलात किंवा तोरणमाळचा घाट चढायला लागलात की फोनची रेंज एकेक काडी करत खाली उतरते आणि एका वळणावर निरोपही न घेता जाते. अशा वेळी माझा फोन मात्र निळा ठिपका दाखवत राहतो, याचं मामांना भारी नवल. मी त्यांना समजावून सांगितलं, की वरचे उपग्रह सतत संदेश पाठवत असतात, फोन ते नुसते ऐकतो आणि आपण कुठे आहोत याचं गणित मांडतो. त्याला नेट लागत नाही, फक्त नकाशा आधीच फोनात उतरवून ठेवलेला हवा. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मंग उपग्रहलेच इचार ना, लगीन कोनता वाडामा शे ते.”

तर राज्यवार नकाशे. याचा अर्थ काय होतो ते नवापूर स्टेशनावर कळतं. हे स्टेशन नेमकं हद्दीवर आहे. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची खोली गुजरातेत. फलाटावर एक बाक आहे, त्याच्या मधोमध रेघ आणि दोन बाजूंना दोन राज्यांची नावं. लोक तिथे बसून फोटो काढतात. मी तिथे बसलो ते वेगळ्याच विचारात: या एका बाकावर बसायला माझ्या फोनात दोन फायली लागतात. त्यातली गुजरातची फाइल म्हणजे नुसतं उच्छल-व्यारा नव्हे, सगळं कच्छचं रण, गीरचं जंगल, द्वारका. व्याऱ्याला साखरपुड्याला जायचं तर कच्छ सोबत घ्यावंच लागतं. तीच गत मध्य प्रदेशाची. आमचं काम खेतियापाशी संपतं, पण फाइल पार रेवा-सिंगरौलीपर्यंत उतरते.

बरं, एकदा उतरवून भागत नाही. नकाशा शिळा होतो. धुळे-जळगाव रस्ता घ्या. तरसोद ते फागण्यापर्यंत चौपदरीकरण झालं, पारोळा-एरंडोलला बाहेरून वळणरस्ते आले. जुना नकाशा घेऊन त्या रस्त्याने गेलात तर गाडी नव्याकोऱ्या डांबरावर आणि फोनातला ठिपका कपाशीच्या शेतात. आतली बाई आधी गोड आवाजात सांगते, मग पुन्हा सांगते, मग ‘शक्य असेल तेव्हा मागे वळा’चा जप लावते. आमची ही मागच्या सीटवरून तिची बाजू घेते. “अहो, एवढी सांगतेय तर वळा ना एकदा.” चौपदरी हायवेवर, दुभाजक असताना!

म्हणून दर महिन्याला नवी आवृत्ती आली की उतरवायची. यात ‘तेवढा बदललेला रस्ता पाठवून दे’ ही सोय नाही. एरंडोलचं एक वळण बदललं तरी अख्खा महाराष्ट्र नव्याने. मोबाइलचा डेटा खर्चायला जीव होत नाही, म्हणून वायफाय. आमच्या घरी वायफाय शेजारच्या आप्पांचं, आणि आप्पांचा नातू संध्याकाळी गेम खेळतो. त्यामुळे महाराष्ट्र रात्री जेवणं झाल्यावर लावायचा आणि फोन उशाशी ठेवून झोपायचं. सकाळी उठून बघावं तर फोन म्हणतो, पुरेशी जागा नाही.

मग सुरू होते खरी परीक्षा. गॅलरी उघडायची आणि काय काढायचं ते ठरवायचं. सुप्रभातची फुलं आधी जातात, त्याबद्दल दुमत नाही. मग येतात भरीत पार्टीचे फोटो. शेतातली पार्टी, काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याच्या भाकरी, आणि प्रत्येक फोटोत कुणीतरी डोळे मिटलेला. तेही गेले. त्यानंतर आमच्या कानबाई देवीच्या विसर्जनातल्या नाचाचा लांबलचक व्हिडिओ. त्याला हात लावायला ही तयार नाही, कारण नाच तिच्या माहेरचा आहे. मी गडचिरोली आणि सिंधुदुर्ग सोडायला तयार आहे, कारण तिकडे आमचं कुणीच नाही. पण त्याला ॲप तयार नाही. महाराष्ट्र घ्यायचा तर एकसंध घ्या, असा त्याचा बाणेदारपणा आहे.

भाच्याने उपाय सुचवला. “मामा, ते गूगल मॅप्स सगळे वापरतात ना, ते घ्या. त्यात आपल्याला हवा तेवढा चौकोन निवडता येतो.” घेतलं. चौकोन आला. पण खान्देश काही चौकोनात बसेल अशा बेताने वसलेला नाही, तो तापीच्या काठाने आडवा पसरलेला. चौकोन नवापूरकडे ओढला की रावेर बाहेर पडतं, रावेर आत घ्यावं तर अक्कलकुवा कापलं जातं. बोटाने आत-बाहेर करून करून शेवटी सगळं मावलं, तेव्हा खाली अर्धं नाशिकही आलं होतं. ते असू दे, द्राक्षं तरी येतील. पण या चौकोनाला मुदत असते. मुदत संपायला पंधरा दिवस उरले की ॲप वायफायवर स्वतःहून ताजं करायला बघतं, पण त्यासाठी वायफाय रिकामं हवं आणि फोनात जागा हवी. म्हणजे पुन्हा आप्पांचा नातू आणि पुन्हा कानबाई.

भाचा तेवढ्यावर थांबला नाही. राज्यवार नकाशेवाल्या माझ्या ॲपला माल पुरवतं ओपनस्ट्रीटमॅप. हे काम २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झालं आणि जगभरचे हौशी लोक फुकट त्यात रस्ते काढतात, हे त्यानेच मला सांगितलं. कुणालाही खातं उघडून आपलं गाव भरता येतं. मी भरलं. शाळा, पाण्याची टाकी, पिठाची गिरणी, मारुतीचा पार, आणि पारापासून मळ्याकडे जाणारी गाडवाट. दोन रात्री डोळे फोडले. सकाळी उत्साहाने ॲप उघडलं तर गाव पूर्वीसारखंच उघडंबोडकं. भाचा म्हणाला, “मामा, साइटवर दिसतंय. तुमच्या फोनात पुढच्या महिन्याच्या फायलीत येईल.” म्हणजे मी स्वतः काढलेला मारुतीचा पार मला बघायचा, तर महिनाभर थांबून पुन्हा अख्खा महाराष्ट्र उतरवायचा. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, पार बघायचाय ना, रविवारी गावी जाऊ.

आणि एवढं करून ताजा नकाशा सगळं सांगतो असंही नाही. शहाद्याला हळदीला निघालो होतो, दोंडाईचा मागे टाकून. नकाशा कालच ताजा केलेला, तिन्ही राज्यं तुकतुकीत. सारंगखेड्याच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. दत्तजयंतीचे दिवस, घोडेबाजार भरलेला. समोर टेम्पो, टेम्पोत एक पांढराशुभ्र घोडा, आणि तो मान वळवून आमच्या काचेतून आत बघतोय. फोन मात्र म्हणत होता, रस्ता मोकळा, वेळेत पोहोचाल. त्याचाही दोष नाही. वाहतुकीची खबर नेटवरून येते, आणि नेट नसताना नकाशाला घोडे दिसत नाहीत. एका रुमालवाल्याने खिडकीशी वाकून विचारलं, “कथा जाई ऱ्हायनात भाऊ? हाऊ रस्ता आते बंद शे.” मी त्याला फोन दाखवला. त्याने फोनकडे बघितलं, मग घोड्याकडे बघितलं आणि काही न बोलता पुढच्या गाडीकडे गेला. हळद लागून, वाळून, धुऊन झाल्यावर आम्ही पोहोचलो.

हद्दीवरचा प्रसंग याहून मजेदार. शहाद्याहून खेतियाला जाताना एकदा मध्य प्रदेशची फाइल जागेअभावी काढून टाकलेली होती. हद्द ओलांडली आणि फोनात रस्ताच संपला. मागे महाराष्ट्र, गल्लीबोळांसकट, आणि पुढे नुसता फिकट कागद, त्यावर एक जाड रेघ. ठिपका त्या कोऱ्या कागदात निघाला. प्रत्यक्षात डावीकडे वडापावची गाडी होती, उजवीकडे कापड दुकान, मधून म्हैस चाललेली. मामा पुढे बसले होते. त्यांनी फोनात डोकावून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, “सरकारने इकडचं काहीच केलेलं नाही.”

आता परवा साडूंचा फोन आला. त्यांच्या पोराचं जमलंय, मुलगी सिल्वासाची, वडील तिथल्या कारखान्यात. स्थळ चांगलं आहे, माणसं आपल्यातलीच, मूळची अमळनेरची. सगळ्यांनी तोंड गोड केलं. माझ्या डोक्यात एकच, की सिल्वासा पडतं दादरा आणि नगर हवेली आणि दमण आणि दीव या केंद्रशासित प्रदेशात. म्हणजे वेगळी फाइल. मी गॅलरी उघडून बसलोय, आणि ही समोर खुर्ची टाकून माझ्या अंगठ्यावर नजर ठेवून आहे.